जून जीभ

नातवाला शाळेत घालायचं ठरलं तेव्हा तो अडीच वर्षांचा होता. स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं, चड्डी ओली करून दाराआड लपायचा, आणि सूनबाई म्हणाली, आई, आपल्याला आधीच उशीर झालाय. नसरापूरच्या त्या शाळेतल्या मॅडमनी तिला समजावून सांगितलं होतं की इंग्रजी शिकायची एक खिडकी असते, ती लहानपणीच उघडी असते आणि नंतर जी बंद होते ती कायमची. मी विचारलं, ही खिडकी बसवली कुणी? सूनबाई फोनमध्ये बघत राहिली. त्या मॅडमचं इंग्रजी मी शाळेच्या गॅदरिंगला ऐकलंय. माईकवर दोन मिनिटं बोलल्या आणि तिसऱ्या मिनिटाला 'सर्व पालकांना विनंती आहे की' अशी मराठीत उडी मारली. त्यांची स्वतःची खिडकी वेळेवर कुणी उघडली होती का, हे विचारायचं तेवढं राहून गेलं.

या खिडकीवाल्या लोकांची मला लहानपणापासून ओळख आहे. तेव्हा ते खिडकी म्हणत नसत, मडकं म्हणत. माझं माहेर मार्गासनीचं, वेल्ह्याकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं. घर कौलारू, पुढं लांब ओसरी, डाव्या हाताला गोठा, आणि घरात हळू बोलायची पद्धतच नाही. आबा, म्हणजे माझे वडील, शेजाऱ्याला हाक मारायचे तर ती नदीपलीकडं ऐकू जायची. पण घरातला खरा आवाज थोरल्या आत्याचा. ती आबांची मोठी बहीण. कामथडीला दिली होती, नवरा वारल्यावर कमरेला किल्ल्या लावून माहेरी आली ती आली, आणि आईच्या हातात स्वयंपाकघर सोडून दुसरं काही म्हणून राहिलं नाही. नाचणीची भाकरी कुणाला किती वाढायची हेसुद्धा आत्या ओसरीवरून सांगायची. सुकटीची चटणी पुरुषांना, खालचं तेल बायकांना. आमचा आंबेमोहोर पाव्हण्यांपुरता शिजायचा. आम्ही पोरं त्याचा नुसता वास घ्यायचो.

आबांचे धाकटे भाऊ तात्या पलटणीत होते. पहिली काकी बाळंतपणात गेली आणि चार-पाच वर्षांनी तात्या सुट्टीवर आले ते एका बाईला घेऊन. धारवाडच्या बाजूच्या खेड्यातली, वय चौतीस, विधवा, बरोबर पहिल्या नवऱ्याची सहा वर्षांची मुलगी. तात्यांनी रीतसर पाट लावला होता. आमच्यात विधवेचं दुसरं लग्न म्हणजे पाट, त्यात पाप काही नाही. पण आत्यानं 'पाटाची' हा शब्द असा उच्चारला की जणू ताटात काहीतरी सापडलंय. बाईचं नाव गौरव्वा. ते बदलून पार्वती ठेवलं आणि मग पार्वती असं एकदाही कुणी म्हटलं नाही, सगळे म्हणायचे कानडीण. तात्या महिनाभर राहून पलटणीत निघून गेले ते पुढं सुट्टीपुरतेच उगवायचे. बाई आणि मुलगी आमच्यात राहिल्या, आणि दोघींना मिळून मराठीचा एक शब्द येत नव्हता.

शाळेचे गुरुजी तेव्हा आमच्याच ओसरीच्या खोलीत राहायचे. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचं मत तयार असे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात चहाचा कप बशीवर ठेवून आबांना निकाल सांगून टाकला. मुलाची जीभ म्हणजे ओली माती, हवी तशी वळवा. बाईची जीभ म्हणजे भाजलेलं मडकं, कड वाकवायला जाल तर फुटेल. आबांनी मान डोलावली, आत्यानं डोलावली, मीही डोलावली. तरीही आबांच्या शब्दाखातर गुरुजींनी या नव्या काकीला चार दुपारी शिकवलं. चौतीस वर्षांच्या, एक नवरा पुरलेल्या, एक पोर वाढवलेल्या बाईपुढं पाटी ठेवून हा माणूस म्हणाला, अ अननसाचा. काकीनं पाटीकडं बोट करून खुणेनं विचारलं की हे काय असतं. गुरुजींनी ते जन्मात खाल्लं नव्हतं, मार्गासनीत कुणीच खाल्लं नव्हतं. पाचव्या दिवशी गुरुजींनी हात टेकले आणि म्हणाले, मी बोललोच होतो. हेच गुरुजी वर्षानुवर्षं पाचवीला इंग्रजी शिकवत होते. एकदा धरणाच्या कामावर कुणी गोरा साहेब आला आणि त्याची जीप शाळेपुढं थांबली, तेव्हा गुरुजी परसाकडला म्हणून जे गेले ते जीप गेल्यावर उगवले. पण मडकं कुणाचं भाजलंय हे ठरवायचा अधिकार त्यांचा.

मुलगी, सावित्री, आम्ही सावी म्हणायचो, ती मात्र चार महिन्यांत पोपटासारखी बोलायला लागली. शिव्यांसकट. गुरुजी तिला पाव्हण्यांपुढं उभी करून बोलायला लावायचे आणि मातीचं उदाहरण पुन्हा द्यायचे. घरात कुणाला काकीशी काही बोलायचं असलं की सावीला हाक. हळूहळू सहा वर्षांच्या पोरीच्या लक्षात आलं की आपल्याशिवाय आईचं पान हलत नाही. मग ती मनाला येईल ते सांगायला लागली. आई दमलीय म्हणायची आणि स्वतः खेळायला मोकळी व्हायची. आईला गूळ हवाय म्हणून सांगायची आणि गूळ स्वतः खायची. वर्षभरात तिला आईच्या बोलण्याची लाज वाटायला लागली. काकी नदीवर तिला कानडीत हाक मारायची, तर ही दुसरीकडंच बघायची. आम्हाला त्यात मौज वाटे.

काकी बोलत नसे, कारण ती तोंड उघडायची आणि आम्ही हसायचो. बैल आली, भाकरी झाला, असं काहीतरी व्हायचं आणि आत्या पदर तोंडाला लावून खुर्रर्र हसायची, मग आई, मग मी. तिच्या हातांना कुणी हसलं नाही. नाचणीची भाकरी तिला दोन दिवसांत जमली. लावणीला चिखलात वाकली की आमच्या जुन्या बायका मागं पडायच्या. वर तिच्या शेंगांच्या पोळ्या आम्ही चाटूनपुसून खायचो. हात भाजलेल्या मडक्याचे आहेत, असं त्या पोळ्या खाताना कुणाला सुचलं नाही.

मी सतरा वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. एका दुपारी गोठ्यात कोण बोलतंय म्हणून मी थबकले. काकी आमच्या चंद्री म्हशीची धार काढत होती आणि तिच्याशी मराठीत बोलत होती. एक-दोन शब्द नव्हेत, चांगलं घडाघडा. आज आत्याबाई चिडली हाय, चहात साखर कमी पडली म्हणून. गुरुजीचं धोतर वाळत न्हाई, पाऊस थांबत न्हाई, माझ्या पोरीला माझी लाज वाटती. चूक होती, हेल होता, पण सगळं होतं. म्हैस हसत नव्हती, म्हणून काकी तिच्यापाशी मराठी शिकली होती, दोन वर्षं, रोज दोन वेळा. मला बघून ती दचकली आणि म्हणाली, सांगू नको. मी सांगितलं नाही. मला ते गुपित फार आवडलं, कारण गुपित असलं की माणूस आपल्या मुठीत आहे असं वाटतं. सतरा वर्षांची मुलगी किती नालायक असू शकते याचा अंदाज लोकांना नसतो.

त्याच वर्षी मला कामथडीचं स्थळ आलं. आत्याच्या सासरच्या भावकीतलं. कामथडी म्हणजे हायवेवरचं गाव, घरात लाईट, मुलाचा स्वतःचा टेम्पो, आणि फोटोत त्यानं काळा चष्मा लावलेला. मी तो फोटो तांदळाच्या कणगीमागं दडवून ठेवला होता आणि दिवसातून चार वेळा तांदूळ काढायला जात होते. मध्यस्थ होते वरव्याचे एक नाना. ते आणि आत्या ओसरीवर बसून तास-तास बोलायचे. आई आसपास आली की दोघं हुंडापांड्याचं बोलायची, मी आले की हवापाण्याचं. आणि काकी तिथंच भिंतीला टेकून तांदूळ निवडत बसलेली असायची. तिच्यापुढं गप्प राहायची गरजच नव्हती. खांबापुढं कुणी गप्प राहतं का? गुरुजींनीच सांगितलं होतं, मडकं भाजलंय.

एक दिवस नदीवर धुणं धुताना काकीनं माझा दंड धरला. सावीला बोलवलं नाही, स्वतःच बोलली. "शाले, त्यो पोरगा नको. त्याला बायको हाय." मुलाचं लग्न तीन वर्षांपूर्वी झालं होतं, मूल झालं नाही म्हणून त्या बाईला सासवडकडं बापाच्या घरी नेऊन सोडली होती, आणि नाना आत्याला म्हणाले होते की लग्न लागल्यावर पोरीला कळंल तवा कळंल, रडंल आन् गप बसंल. हे सगळं तिनं तिच्या अडखळत्या मराठीत सांगितलं. आणि मी काय म्हणाले तेही लिहिते. मी म्हणाले, "तुला काय कळतंय गं? म्हशीशी बोलता येतं तेवढं बोल. माणसांचं ऐकायला जाऊ नको."

काकीनं माझा दंड सोडला. उरलेलं धुणं तिनं एकटीनं पिळलं. मी घरी येऊन पुन्हा तांदूळ काढायला गेले. आईला सांगावं असं एकदा मनात आलं. पण माझ्याच मनानं मला समजावलं की कानडीणीनं उलटसुलट ऐकलं असेल, या वयात तिला कुठून कळायला. बघा, एवढं शहाणपण मला गुरुजींकडून फुकटात मिळालं होतं. काकीनं आईला सांगायचाही प्रयत्न केला होता, ते मला मागाहून समजलं. हसण्याला भिऊन आईपुढं तिनं मराठी कधीच सोडून दिली होती, म्हणून सावीला मध्ये घातलं. सावीनं आईला एवढंच सांगितलं की माझी आई कायबी बोलती. आणि ती लगोऱ्या खेळायला पळाली.

सुपारी फोडायच्या दिवशी ओसरीवर घोंगड्या पसरल्या. कामथडीचे सात-आठ पुरुष, मुलाचा बाप पुढं, पटका बांधून. मुलगा चष्म्याशिवाय आला होता आणि चष्म्याशिवाय तो बराच साधा दिसत होता. मधोमध ताट, त्यात पाच सुपाऱ्या, हळदकुंकू आणि खंडोबाचा भंडारा. गुरुजी यादी लिहायला बसले होते, कारण अक्षर सुंदर. आतून आंबेमोहोराचा वास येत होता आणि कढईत शिऱ्याचा रवा भाजला जात होता. आई, मी आणि भावकीतल्या चार बायका दाराच्या फटीतून बघत होतो. सुपारी फुटली की बोलणं पक्कं, मग मोडणाऱ्याचं नाक कापलं जायचं आणि ते नाक कायम मुलीकडचंच असायचं. आबांनी अडकित्ता हातात घेतला.

तेवढ्यात काकी पाण्याचा तांब्या घेऊन आमच्यातून वाट काढत बाहेर गेली. सुपारीच्या बैठकीत बाई उंबरा ओलांडत नाही. ती तांब्या घेऊन मधोमध उभी राहिली आणि मराठीत बोलली, म्हशीशी बोलायची तशी, पण मोठ्यानं.

"ह्या पोराला पहिला बायको हाय. सासवडला बापाच्या घरी हाय. जित्ती हाय. शालीला सांगितलं न्हाई. आत्याबाईला ठावं हाय."

आधी हशा पिकला. पहिला बायको! कामथडीचे हसले, आमचे हसले, दारातल्या बायकाही हसल्या. सावी आठ वर्षांची झाली होती. ती मान खाली घालून म्हणाली, आई, गप. आत्या आतून ओरडली की कानडीण खुळी हाय, तिला आत घ्या. आणि गुरुजींनी लेखणी कानावर ठेवून, मोठ्या समजूतदारपणे, मंडळींना सांगितलं की रागावू नका, हा भाषेचा घोटाळा आहे. ऐकलं एक आणि समजली भलतंच, या वयात नवी भाषा शिकायला गेलं की असंच व्हायचं. सगळ्यांना पटलं. मुलाच्या बापानं तर गुरुजींकडं इतक्या प्रेमानं पाहिलं की विचारू नका. मी दाराआड उभी होते आणि मला ठाऊक होतं की तिला सगळं कळतं. साऱ्या गावात एवढं ठाऊक असलेली मी एकटी. मी फटीपासून एक पाऊल मागं सरकले.

काकी आत गेली नाही. तिनं तांब्या खाली ठेवला. ताटातला चिमूटभर भंडारा घेऊन स्वतःच्या कपाळाला लावला, मग ते ताट उचलून मुलाच्या बापापुढं धरलं आणि म्हणाली, "उचला." भंडारा उचलून खोटं बोलायची छाती आमच्याकडं कुणाची होत नाही, आणि तिच्या मुलखातही होत नव्हती. हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. मुलाच्या बापानं ताटाकडं पाहिलं, नानांकडं पाहिलं, मग खिशातून चुन्याची डबी काढली आणि ती उघडेना. आबा म्हणाले, "पाव्हणं, भंडारा उचला, आन् म्हणा की ही खोटं बोलती. आमी हिला आत्ताच्या आत्ता बाहेर काढतो." पाव्हणे म्हणाले की बायामाणसांच्या बोलण्यात देवाला कशाला आणायचं. काकीनं ताट खाली घेतलं नाही. मग आबांनी पाचही सुपाऱ्या उचलून आपल्या खिशात टाकल्या आणि अडकित्ता मिटला.

शिरा आम्हीच खाल्ला, पाव्हण्यांचा आंबेमोहोरही. आत्या आठ दिवस जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसली. एवढीच काय ती शिक्षा. किल्ल्या तिच्याच कमरेला राहिल्या. गुरुजी म्हणाले की नियमाला अपवाद असतो. नियम असाच टिकतो, दुसऱ्याच्या कपाळावर. मी काकीची माफी मागितली नाही. आमच्या घरात माफीची पद्धत नव्हती आणि मला ती नवी पाडायची अक्कल नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मी धारेला तिच्याबरोबर गोठ्यात जाऊन बसायला लागले, इतकंच. सासवडच्या त्या टाकलेल्या बाईचं पुढं काय झालं ते मी कधी विचारलंही नाही. मी वाचले ना, मग झालं.

पुढं दोन वर्षांनी मला वरव्याला दिली, आणि माणूस चांगला निघाला. काकी जन्मभर मार्गासनीत तशीच हेल काढून बोलली, लोक जन्मभर हसले, आणि साऱ्या गावात काही खरं-खोटं करायचं असलं की तिलाच बोलवायला लागले. सावी शिकली, पुण्यात मोठ्या हुद्द्यावर लागली, इंग्रजी फाडफाड बोलते. तिची कानडी बारा वर्षांची होईतो पार पुसली गेली होती. एकदा धारवाडकडचा मामा भेटायला आला तर ती त्याच्यापुढं नुसती उभी राहिली. ओली माती हवी तशी वळते हे गुरुजींनी सांगितलं होतं. आधीचा आकार जातो, ते सांगायचे विसरले.

मी एकसष्ट वर्षांची होते तेव्हा सावीचा फोन आला. काकीला अर्धांगाचा झटका आला होता. तोंड वाकडं झालं, आणि मराठी गेली. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची मराठी एका सकाळी गेली आणि खालची कानडी तेवढी उरली, तीही लाळेत बुडालेली. डॉक्टर म्हणाले, या वयात असं होतं. हे वाक्य मी कुठं ऐकलंय ते मला चांगलं आठवत होतं. मी मार्गासनीला गेले. सावी रजा घेऊन आली होती, घास भरवत होती, आणि काकी तोंड मिटून घ्यायची. प्रत्येक जेवणाला तेच. घास पुढं आला की काकी काहीतरी एकच विचारायची, वाट बघायची, उत्तर आलं नाही की ओठ घट्ट, मग चमच्यानं पेज तेवढी कशीबशी पोटात जायची. सावी म्हणाली, ताई, तिला काय हवंय तेच कळत नाही. पाणी दिलं, उशी दिली, देवाचा फोटोसुद्धा दिला, असं ती सांगत होती. एवढी शिकलेली बाई हुंदके देऊन रडत होती, आणि खोटं कशाला सांगू, माझ्या मनात आलं की लगोऱ्या खेळायला जा आता.

मी तीन जेवणं नुसती ऐकत बसले आणि ऐकू आलं तसं कॅलेंडरच्या मागं लिहिलं. नसरापुरात एक बेकरी आहे, चालवणारी बाई हुबळीकडची. तिला ते वाचून दाखवलं तर आधी ती हसली. मग म्हणाली, आजी, त्या विचारतायत तुमचं जेवण झालं का. बाकी काही नाही. आमच्या घरात काकी सगळ्यांत शेवटी जेवायची, आणि त्याआधी प्रत्येकाला हेच विचारायची. आता उत्तर येत नव्हतं, म्हणून ती थांबून राहत होती.

नुसतं एक 'हो' घेऊन जायचं नव्हतं, काकीशी चार वाक्यं तरी बोलायची होती, म्हणून मी बेकरीत रोज जायला लागले. मुलगा म्हणाला, आई, या वयात? सूनबाई म्हणाली, जीभ वळणार आहे का आता? मी रोज अर्धा किलो खारी आणायचे, त्या बाईपुढं घोकायचे, आणि घरात सगळ्यांना खारीचा वीट येईपर्यंत हे चाललं. म्हैस आमच्याकडं आता नाही, म्हणून मी कुकरशी बोलायचे. शब्द सकाळी शिकावा आणि दुपारी विसरावा, अशी गत. काकीला तर दोन वर्षं लागली होती, आणि तिला कुणी खारी दिली नव्हती.

पंधराव्या दिवशी दहाएक वाक्यं घेऊन मी मार्गासनीला गेले. सावीनं भात कालवला होता. मी ताट घेऊन काकीजवळ बसले. तिनं विचारलं, "ऊटा आतेन?" मी म्हटलं, "आतु, काकी. ऊटा आतु." झालं जेवण. काकीनं माझ्याकडं पाहिलं. मग तिचं वाकडं तोंड आणखी वाकडं झालं, खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं. सावी घाबरून उठली. काही नव्हतं, काकी हसत होती. माझ्या कानडीला ती पोट धरून हसत होती, आम्ही ओसरीवर तिला हसायचो अगदी तशी. मी ताट धरून बसून राहिले. हसून झाल्यावर तिनं तोंड उघडलं.